खांद्याचें दुखणें: एका जुन्या व्याधीचा इतिहास

मराठी भाषेनें शरीराच्या ज्या अवयवांना मानाचें स्थान दिलें आहे, त्यांत खांद्याचा क्रम बराच वरचा लागेल. संकटांत माणसें खांद्याला खांदा लावून उभीं राहतात. पालखीच्या दांडीला आळीपाळीनें आधार देणारे ते खांदेकरी. मंत्रिमंडळांत माणसें बदललीं म्हणजे वर्तमानपत्रें त्याला खांदेपालट म्हणतात. आणि अखेरच्या प्रवासाला निघालेल्या माणसाचें शेवटचें ऋणही चार खांदेच फेडतात. भाराची, सोबतीची आणि कर्तव्याची अशी सारी भाषा ज्या सांध्याभोंवतीं गुंफली गेली, त्याच्या दुखण्याकडे मात्र आपण फारसें लक्ष देत नाहीं. खांदा दुखूं लागला म्हणजे आपण म्हणतों, अवघडला असेल. महिना लोटला म्हणजे म्हणतों, वात असेल. आणि वेणी घालण्यापुरता किंवा सदऱ्याच्या बाहींत शिरण्यापुरताही हात वळेनासा झाला, म्हणजे वय झाल्याचा हवाला देतों. दुखणें अंगावर काढणें हा वाक्प्रचार आपल्या घरोघरीं सद्‌गुण म्हणून वापरला जातो, आणि तो सर्वांत अधिक लागू पडतो तो खांद्याच्या बाबतींत.

श्रोतेहो, या दुखण्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे, तो निव्वळ कुतूहल शमविण्यासाठीं नव्हे. खांदेदुखी हें एका रोगाचें नांव नसून अनेक रोगांनीं वाटून घेतलेलें एक नांव आहे, हें उमगण्यास वैद्यांना दोन हजारांहून अधिक वर्षें लागलीं. त्या वाटेवर त्यांनीं रोग्याला जे प्रश्न विचारले, तेच आपल्याला घरीं स्वतःला विचारतां येतात. आणि त्यांच्या उत्तरांवरून घरीं थांबावें, दोन-चार दिवसांत डॉक्टरांकडे जावें, कीं त्याच क्षणीं रुग्णवाहिका बोलवावी, हें बहुतेक वेळां ठरवितां येतें.

पुण्याच्या वायव्येस मुळा नदीच्या कांठीं वाकड नांवाचें गांव आहे. खांद्यानें कोणकोणते भार सोसले, हें पाहावयाचें असेल तर या एका गांवाकडे पाहिलें तरी पुरे. वाकड व हिंजवडी या दोन गांवांचें दैवत म्हातोबा. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेंत हिंजवडीहून वाकडच्या देवळाकडे बगाडाची मिरवणूक निघते. पाठींत गळ टोचून घेणारा गळकरी बगाडावर चढतो, आणि बगाडाचें लांबलचक लाकूड मुळशीकडील रानांतून माणसांच्या खांद्यांवरून आणण्याची रीत आहे. देवाचा भार खांद्यावर घेतला, तो दुखला तरी बोलावयाचें नाहीं, ही श्रद्धेची शिकवण झाली. शेतकऱ्याच्या घरीं आणखीही एक शिकवण होती, ती बैलाच्या बाबतींत. जुंवाखालीं वर्षभर घासलेल्या बैलाच्या खांद्याला पोळ्याच्या आदल्या सायंकाळीं हळद व तूप चोळावयाचें, याला खांदेमळणी म्हणतात. बैलाच्या मानेला गांठ आली, कातडी सोलली, तर जूं उतरवून त्याला विसांवा द्यावा, हें शेतकऱ्याला कोणी शिकवावें लागत नसे. स्वतःच्या खांद्यासाठीं मात्र असा एखादा दिवस त्यानें कधीं राखून ठेवला नाहीं.

पुढें काळ पालटला. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. नंतरच्या दशकांत आकुर्डी, चिंचवड, भोसरी या बाजूंस यंत्रांचे व वाहनांचे कारखाने उभे राहिले. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली, आणि १९९७ सालीं वाकड तिच्या हद्दींत आलें. शेजारच्या हिंजवडींत राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसला. जेथें बैलाच्या खांद्यावर जूं होतें, तेथें आज उंच इमारतींतून राहणारी तरुण माणसें दिवसाचे आठ-दहा तास संगणकापुढें हात अधांतरीं धरून बसलेलीं असतात. खांद्यावरचा भार गेला, परंतु खांद्याचें दुखणें गेलें नाहीं. असें कां व्हावें, याचें उत्तर सांध्याच्या रचनेंत आहे. आणि त्या रचनेचा विचार आपल्या देशांत फार पूर्वीच सुरू झाला होता.

सुश्रुतसंहितेंत सांध्यांचे प्रकार सांगितले आहेत. त्यांत काखेचा, म्हणजे खांद्याचा, सांधा व जांघेचा सांधा यांना उलूखल, अर्थात् उखळ, असें नांव दिलेलें आहे. एका हाडाचा गोळा दुसऱ्या हाडाच्या खळग्यांत फिरतो, हें निरीक्षण अचूक आहे. मात्र जांघेच्या सांध्याला ही उपमा जितकी चपखल बसते, तितकी ती खांद्याला बसत नाहीं. जांघेंतील उखळ खोल आहे. खांद्यांतील उखळ इतकें उथळ, कीं त्याला बशी म्हणणेंच अधिक शोभेल. कोणत्याही क्षणीं दंडाच्या हाडाच्या गोळ्याचा एकतृतीयांशाहूनही कमी भाग त्या बशीला टेंकलेला असतो. हा उथळपणा हाच खांद्याचा गुण आणि हाच त्याचा दोष. त्यामुळेंच आपला हात डोक्यावर, पाठीमागें, सर्व दिशांना फिरतो; आणि त्यामुळेंच शरीरांतील मोठ्या सांध्यांपैकीं खांदाच सर्वांत अधिक वेळां निखळतो. गोळा बशीवर जागच्या जागीं धरून ठेवण्याचें काम हाडें करीत नाहींत. तें चार लहान स्नायूंच्या कंडरा करतात. या कंडरा दंडाच्या हाडाला एखाद्या टोपीप्रमाणें वेढून असतात. हात वर उचलला, कीं त्यांतील वरची कंडरा खांद्याच्या टोंकाच्या हाडाखालील चिंचोळ्या फटींतून सरकते. ती तेथें घांसते, वयाबरोबर झिजते, आणि कित्येकदां फाटते. मणाचा भार उचलणारा हमाल आणि अधांतरीं हात धरून बसणारा लेखनिक एकाच वैद्याच्या दारांत कां भेटतात, याचें रहस्य या फटींत आहे.

निखळलेला खांदा बसविण्याच्या कृतींत एक मौजेचें साम्य आढळतें. सुश्रुतसंहितेंत काखेंत मुसळ घालून ती वर उचलावी, आणि सांधा जागेवर आला म्हणजे स्वस्तिक नांवाच्या पट्ट्यानें तो बांधावा, असें सांगितलें आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या नांवावर असलेल्या सांध्यांवरील ग्रंथांतही, मऊ वस्त्र गुंडाळलेलें मुसळ काखेंत घालून खांदा बसविण्याची कृति दिलेली आहे. दोन दूरच्या देशांतील वैद्यांनीं स्वयंपाकघरांतील एकच वस्तु उचलावी, यावरून हा अपघात सर्वत्र किती नित्याचा होता, हें दिसतें. आज मात्र अशा कृतीच्या आधीं क्ष-किरणांचें चित्र काढतात. राँटगेन यानें १८९५ सालीं लावलेल्या त्या शोधापूर्वी, सांधा निखळला आहे कीं त्याच्याबरोबर हाडही मोडलें आहे, हें हातानें चांचपूनच ओळखावें लागे. आपल्याकडे अजूनही कोणी पडलें कीं हाडवैद्याकडे धांव घेण्याची संवय आहे. हाड मोडलेलें असतांना किंवा जवळचा मज्जातंतु दाबला गेला असतांना हाताला हिसका बसला, तर आठवड्यांनीं बरें होणारें दुखणें जन्माचें होऊन बसतें. विजेचा धक्का बसल्यानंतर किंवा फेफऱ्याच्या झटक्यानंतर खांदा मागच्या बाजूस निखळतो. तेव्हां त्याचा आकार फारसा बदलत नाहीं, आणि साध्या चित्रांतही तो कधींकधीं नजरेंतून सुटतो. यंत्रांजवळ काम करणाऱ्यांच्या घरीं ही गोष्ट ठाऊक असलेली बरी.

न पडतां, न आपटतां जडणारें दुखणेंही प्राचीनांना ठाऊक होतें. खांद्याच्या ठिकाणीं राहिलेला वायु तेथील बंधनें सुकवितो व शिरा आंखडवितो, आणि त्यामुळें अवबाहुक नांवाचा विकार होतो, असें सुश्रुतसंहितेचें निदान आहे. बाहूपासून बोटांपर्यंतच्या कंडरांना पीडा देऊन हाताची शक्ति हिरावून घेणारा जो विकार, त्याला तेथें विश्वाची असें निराळें नांव दिलेलें आहे. वायूची उपपत्ति आज कोणी जशीच्या तशी मानणार नाहीं. परंतु जागच्या जागीं आंखडलेला खांदा वेगळा, आणि बोटांपर्यंत कळ व दुबळेपणा नेणारें दुखणें वेगळें, हा विवेक मोलाचा होता. दुसऱ्या प्रकारांतील पुष्कळ रोग्यांचें मूळ खांद्यांत नसून मानेच्या मणक्यांत असतें, हें आपण आज जाणतों. बोटांना मुंग्या येतात, मान वळविली कीं कळ हातांत उतरते, अशा वेळीं खांद्याला तेल चोळून कांहीं लाभ होत नाहीं.

युरोपांत या दुखण्याचा उलगडा हप्त्याहप्त्यानें झाला. १८३४ सालीं लंडनच्या एका वैद्यकीय पत्रांत जे. जी. स्मिथ यानें, शवविच्छेदनांत आपल्याला खांद्याच्या कंडरा फाटलेल्या कशा आढळल्या, याचें वर्णन छापलें. त्याकडे पुढें दीर्घकाळ कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं. १८७२ सालीं पॅरिस येथील शस्त्रवैद्य द्युप्ले यानें असें दाखवून दिलें, कीं ताठरलेल्या पुष्कळ खांद्यांत रोग सांध्याच्या हाडांत नसून त्याच्या भोंवतालच्या मऊ भागांत असतो. परंतु या विषयाचा खरा वाली म्हणावा असा पुरुष बोस्टनचा अर्नेस्ट कॉडमन. रोग्याला घरीं पाठविल्यानें वैद्याचें काम संपत नाहीं. त्याचा निदान वर्षभर मागोवा घ्यावा, त्याला खरोखर गुण आला कीं नाहीं हें लिहून ठेवावें, आणि आला नसेल तर कां नाहीं याचा शोध घ्यावा, असा त्याचा आग्रह होता. हा हिशेब सहव्यवसायी मंडळींना फारसा रुचला नाहीं, आणि १९१४ सालीं त्यानें आपल्या रुग्णालयांतील जागेचा राजीनामा दिला. फाटलेली कंडरा शिवण्याच्या शस्त्रक्रियेचें वर्णन त्यानें १९११ सालींच प्रसिद्ध केलें होतें. १९३४ सालीं त्याचा खांद्यावरील मोठा ग्रंथ बाहेर पडला. त्यांत ताठरलेल्या खांद्याला त्यानें ‘फ्रोझन शोल्डर’ हें नांव दिलें, तें आज सर्वतोमुखीं झालें आहे. मराठींत आपण त्याला गोठलेला खांदा म्हणूं. या रोगाची व्याख्या करणें, त्यावर उपचार करणें आणि त्याचें कारण सांगणें, तिन्ही अवघड आहेत, हें सांगण्यास त्यानें संकोच केला नाहीं. पुढें १९४५ सालीं अमेरिकेंतीलच नेव्हियासर यानें अशा सांध्यांची तपासणी करून, त्यांचा कोश जाड होऊन आक्रसलेला व हाडाला चिकटलेला असतो, असें दाखविलें.

हा गोठलेला खांदा आपल्या समाजांत विशेष महत्त्वाचा आहे, आणि त्याचें कारण मधुमेह. सर्वसाधारण लोकांत शंभरांपैकीं दोन ते पांच जणांना हा विकार कधींना कधीं होतो, असें मानतात. मधुमेही माणसांत तेंच प्रमाण शंभरांत दहा ते वीस इतकें सांगितलें जातें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्यानें झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, २०२१ सालीं देशांत सुमारें दहा कोटी दहा लक्ष मधुमेही होते. चाळिशी ते साठी या वयांत, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक, हा विकार आढळतो. त्याच्या तीन अवस्था असतात. आरंभीं कांहीं महिने रात्रीची झोंप उडविणारी कळ. मग कळ ओसरते, पण हात जखडतो. आणि शेवटीं तो हळूहळू मोकळा होऊं लागतो. या साऱ्याला एक ते तीन वर्षें लागतात, आणि कित्येकांच्या खांद्यांत थोडा ताठरपणा कायमचा राहतो. ज्यांनीं आपली रक्तांतील साखर कधींच तपासलेली नाहीं, त्यांच्या बाबतींत गोठलेला खांदा ही एक सूचनाच समजावी. साखर तपासून घेतली तर खांद्यापेक्षांही मोठें संकट वेळींच हातीं लागण्याचा संभव असतो.

गोठलेला खांदा आणि फाटलेली कंडरा यांतील भेद घरींही थोडाबहुत ओळखतां येतो. कोपर कुशीला चिकटवून हात काटकोनांत वांकवावा, आणि पंजा बाहेरच्या बाजूस न्यावा. गोठलेल्या खांद्यांत तो स्वतःला नेतां येत नाहीं, आणि दुसऱ्यानें हळुवार नेऊन पाहिला तरी जात नाहीं. दाराला खिट्टी घातल्यासारखा तो अडतो. कंडरा फाटली असेल तर दुसऱ्याच्या आधारानें हात पुष्कळ वर जातो, परंतु आधार सोडला कीं गळून पडतो. पहिल्या प्रकारांत धीर, वेदनाशमन, नियमित व्यायाम आणि प्रसंगीं सांध्यांत दिलेलें इंजेक्शन यांवर भिस्त असते. दुसऱ्या प्रकारांत, विशेषतः पडल्यानंतर एकाएकीं हात उचलेनासा झाला असेल तर, काळ हाच महत्त्वाचा. कारण फाटलेली कंडरा दिवसेंदिवस मागें सरते, तिचा स्नायु वाळत जातो, आणि कांहीं महिन्यांनीं ती शिवणें कठीण होतें.

येथवर आपण खऱ्या खांदेदुखीचा विचार केला. आतां जी खांद्यांत भासते, पण खांद्याची नसते, अशा वेदनेकडे वळूं. २१ जुलै १७६८ रोजीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्यें विल्यम हेबर्डन यानें एक निबंध वाचला. तो १७७२ सालीं छापून निघाला. चालतांना, त्यांतही चढ चढतांना व जेवणानंतर, छातींत दाटल्यासारखी कळ येते; थांबलें कीं ती जाते; आणि कित्येकांत ती डाव्या हातांत उतरते, असें त्यानें लिहिलें. आज आपण ज्याला हृच्छूल म्हणतों, त्याचें हें अभिजात वर्णन होय. हेबर्डनच्या निरीक्षणांतून घरच्या माणसांना एक सोपा प्रश्न मिळतो: दुखणें हात हलविल्यानें वाढतें, कीं पाय चालविल्यानें? हात हलविल्यानें वाढणारी कळ बहुधा खांद्याची. हात स्वस्थ असतां, जिना चढतांना येणारी व थांबतांच जाणारी कळ हृदयाची समजून चालावें. मात्र हृदयविकाराचा झटका आला असेल तर स्वस्थ बसलें तरी कळ थांबत नाहीं, हेंही तितकेंच ध्यानांत ठेवावें. मधुमेही माणसांत, वृद्धांत व स्त्रियांत छातींतील कळ कधींकधीं नसतेच. खांदा, जबडा वा पाठ दुखणें, धाप लागणें, मळमळणें, दरदरून घाम येणें, एवढींच लक्षणें असूं शकतात. ज्या मधुमेही माणसाला गोठलेल्या खांद्याची संवय झाली आहे, त्यालाच हृदयविकाराचा धोकाही अधिक. नेहमींचेंच दुखणें आहे, असें म्हणून त्यानें नव्या कळेकडे काणाडोळा केला, तर तो जिवावर बेतूं शकतो.

हृदयाची किंवा पोटाची वेदना खांद्यांत कां उमटावी, याचा पद्धतशीर विचार लंडनच्या हेन्री हेड यानें १८९३ सालीं मांडला. आंतील इंद्रियांचे मज्जातंतु आणि त्वचेचे मज्जातंतु पाठीच्या कण्यांत एकाच ठिकाणीं येऊन मिळतात. त्यामुळें आंतून आलेली वर्दी बाहेरून आली, असा मेंदूचा समज होतो. छाती व पोट यांमधील पडद्याला, म्हणजे श्वासपटलाला, ज्या मज्जातंतूचा पुरवठा आहे, त्याचें मूळ मानेंत, खांद्यावरील त्वचेच्या मज्जातंतूंच्या शेजारींच आहे. म्हणून पित्ताशयाला सूज आली कीं उजवा खांदा दुखतो. पोटाला मार लागून प्लीहा फुटली, आणि रक्त श्वासपटलाखालीं सांचलें, तर डाव्या खांद्याच्या टोंकांत कळ येते. जर्मन शस्त्रवैद्य हान्स केर याच्या नांवानें हें चिन्ह ओळखलें जातें. वाकडवरून जाणाऱ्या महामार्गावर दुचाकी घसरून पडलेला तरुण, खांद्याला खरचटलेंही नसतां, डावा खांदा दुखतो असें म्हणाला, तर त्याच्या खांद्याकडे नव्हे, पोटाकडे पाहिलें पाहिजे. आणखी एक उदाहरण फिलाडेल्फियाचा क्ष-किरणतज्ज्ञ हेन्री पॅनकोस्ट याचें. १९२४ सालापासून त्यानें फुप्फुसाच्या अगदीं टोंकाला होणाऱ्या गांठींचें वर्णन केलें. अशा रोग्यांत खोकल्याआधीं खांदाच दुखूं लागतो. मग हाताच्या पंजाचे स्नायु वाळतात आणि त्या बाजूची पापणी खालीं झुकते. तंबाखूचा धूर ओढणाऱ्या माणसाच्या न थांबणाऱ्या खांदेदुखीला म्हणूनच छातीचें क्ष-किरणचित्र काढणें अगत्याचें ठरतें.

या इतिहासांत वैद्यांइतकाच श्रमिकांचाही वांटा आहे. इटलींतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यानें १७०० सालीं कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, आणि रोग्याला विचारावयाच्या प्रश्नांत, तुझा धंदा कोणता, या प्रश्नाची भर घालण्यास वैद्यांना सांगितलें. आपल्याकडे तो प्रश्न व्यापक प्रमाणावर विचारला गेला तो हमालांच्या संघटनांमुळें. स्वतः वैद्यकी करणारे डॉ. बाबा आढाव यांनीं १९५५ सालीं पुण्यांत हमाल पंचायत उभी केली. १९६९ सालीं महाराष्ट्रानें माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीं कायदा केला. त्याआधीं १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें, इजा होईल इतका भार कोणाही कामगाराकडून उचलवून घेऊं नये, असें कलम घातलें होतें. आंतरराष्ट्रीय श्रमसंस्थेनें १९६७ सालीं, एका प्रौढ पुरुषानें उचलावयाच्या भाराची मर्यादा पंचावन्न किलोंहून अधिक असेल तेथें ती शक्य तितक्या लवकर खालीं आणावी, अशी शिफारस केली. शंभर किलोंचें पोतें पाठीवर घेण्याची जेथें वहिवाट होती, तेथें या आंकड्याचा अर्थ काय होतो, हें निराळें सांगावयास नको. भाराला मर्यादा पडली. पण डोक्यावर हात धरून रंग देणारा, झाळकाम करणारा, किंवा गाडीखालीं उभा राहून बोल्ट आवळणारा कामगार त्याच चिंचोळ्या फटींत आपली कंडरा घांसत असतो, आणि कोपराला टेंका न देतां कळफलक चालविणाराही मानेचे व खांद्याचे स्नायु दिवसभर ताणून धरतो. त्यांना पंचावन्न किलोंची मर्यादा उपयोगी नाहीं. कामाची उंची बदलणें, कोपराला आधार देणें आणि मधून मधून उठणें, हाच त्यांचा कायदा.

आतां कोणीं केव्हां डॉक्टरांकडे जावें, हें एकत्र सांगतों. खांद्याच्या कळेबरोबर छातींत दाब, धाप, घाम, मळमळ किंवा घेरी असेल, तर चोळीत बसूं नये, आणि रोग्यानें स्वतः गाडी हांकूं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पोटाला वा छातीला मार लागल्यानंतर खांदा दुखूं लागला, पडल्यानंतर खांद्याचा आकार बदलला, किंवा हात बधिर, गार वा पांढरा पडला, तरीही त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. खांदा तापलेला व सुजलेला असून अंगांत ताप असेल, तर सांध्यांत पू झाल्याची शंका घ्यावी. पेनिसिलिनच्या आधींच्या काळीं असा सांधा बहुधा कायमचा निकामी होई, आणि रोगीही दगावे. पिंपरीच्या कारखान्यांत जीं औषधें तयार होऊं लागलीं, त्यांनीं हें चित्र पालटलें खरें, परंतु औषध वेळेवर मिळालें तरच त्याचा उपयोग. पडल्यावर हात उचलत नसेल. हाताची शक्ति किंवा संवेदना कमी होत असेल. कळ रात्रंदिवस एकसारखी असून वजन घटत असेल, गांठ लागत असेल, किंवा पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल. किंवा पन्नाशीनंतर दोन्ही खांदे सकाळीं तासभर ताठून राहत असतील, तर चार दिवसांच्या आंत तज्ज्ञाला दाखवावें. या शेवटच्या प्रकारांत डोकें दुखणें किंवा दृष्टि मंद होणें याची जोड मिळाली, तर एक दिवसही दवडूं नये.

बाकी राहतें तें साधें दुखणें: माळ्यावरचें सामान काढलें, भिंतीला रंग दिला, दिवसभर पोळ्या लाटल्या, आणि दुसऱ्या दिवशीं खांदा भरून आला. तेथें घाई नको. दोन-तीन दिवस जड काम टाळावें, शेकावें, लागल्यास साधें वेदनाशामक घ्यावें. पण हात झोळींत अडकवून ठेवूं नये, कारण न हलविलेला खांदा लवकर ताठरतो. कॉडमननें सांगितलेला व्यायाम आजही उपयोगी पडतो: दुसऱ्या हातानें मेजाला धरून पुढें वांकावें, दुखरा हात सैल सोडावा, आणि घड्याळाच्या लंबकाप्रमाणें तो हलके झुलूं द्यावा. दोन आठवड्यांत उतार पडला नाहीं, किंवा हात दिवसेंदिवस कमी वर जाऊं लागला, तर मात्र घरगुती उपचारांची मुदत संपली असें समजावें.

डॉक्टरांकडे जातांना चार गोष्टी आठवून जावें. दुखणें केव्हां व कशानें सुरू झालें. कोणत्या हालचालीनें तें वाढतें. रात्रीं त्या कुशीवर निजतां येतें कीं नाहीं. आणि आपण दिवसभर हातानें काय काम करतों. यांतील शेवटचा प्रश्न रामाझ्झिनीचा आहे, आणि तो विचारला गेला नाहीं तर रोग्यानेंच आपण होऊन सांगावा. घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया बहुधा यांपैकीं कांहींच बोलत नाहींत. त्यांचा हात फडताळाच्या वरच्या फळीपर्यंत पोंचेनासा झाला, कीं त्या डबे खालच्या फळीवर आणून ठेवतात, आणि घराला त्याचा पत्ताही लागत नाहीं. डब्यांची जागा बदललेली दिसली, तर त्याचें कारण अवश्य विचारावें.